निवड कोणाची? ‘आयडॉल घडवा’ खेळ आणि जळगावात गाणं शिकलेला नारायण

पेटची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न सारखा येतो. मराठीत किंवा माध्यमशास्त्रात पीएच.डी. करायची आहे, पण विषय व्हिडिओ गेमचा घेतला तर मुलाखतीला समिती हसेल का? नुसता गेम घेऊन गेलात तर कदाचित हसेलही. गेमबद्दलचा नेमका प्रश्न घेऊन गेलात, तर समिती त्यावर तुम्हाला उलटा प्रश्न विचारेल, आणि मुलाखतीत आपल्याला तेच हवं असतं.

म्हणून आज एक छोटा कथाप्रकार उलगडून बघू: ‘आयडॉल’ घडवायची गोष्ट. यात खेळणारा माणूस एखाद्या नवख्या गायिकेचा निर्माता, मॅनेजर किंवा गुरू होतो. थोड्या थोड्या वेळाने गोष्ट थांबते आणि विचारते: आज रियाज की विश्रांती? हा कार्यक्रम घ्यायचा की सोडायचा? तुम्ही एक पर्याय निवडता आणि गोष्ट त्या वाटेने पुढे जाते. वाट बदलली की शेवटही बदलतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला ते तपासता येईल. या गोष्टींत सगळ्या निवडी घडवणाऱ्याच्या हातात असतात. जी घडते तिच्या वाट्याला फक्त आकडे येतात. तिला ‘नाही’ म्हणायची जागाच नसते. वरवर ही तंत्रातली उणीव वाटते, पण तिच्यामागे एक समज आहे. आपल्या खान्देशातली उदाहरणं शेजारी ठेवली की ती समज उघडी पडते.

आधी फांद्यांचा हिशेब

शाखांच्या गोष्टीवर लिहायचं तर गणिताला घाबरून चालत नाही. समजा प्रत्येक प्रसंगाला दोनच पर्याय आहेत आणि अशा दहा निवडी आहेत. शेवट किती होतील? १०२४. सुरुवातीपासूनचे सगळे प्रसंग मोजले तर २०४७. एक प्रसंग ३०० शब्दांचा धरला तर लेखकाला ६,१४,१०० शब्द लिहावे लागतील, आणि वाचणारा एका खेळीत त्यातले फक्त ११ प्रसंग, म्हणजे ३३०० शब्द वाचेल. बाकीचं लिहिलेलं तसंच पडून राहील.

‘चूज युअर ओन अ‍ॅडव्हेंचर’ या मालिकेतलं पहिलं पुस्तक १९७९ मध्ये आलं, एडवर्ड पॅकर्ड यांचं ‘द केव्ह ऑफ टाइम’. त्याची रचना बरीचशी अशी, फुटतच जाणारी. सॅम काबो अ‍ॅशवेल यांनी २०१५ च्या एका लेखात निवडीच्या गोष्टींचे नमुने मांडले, तेव्हा या रचनेला त्यांनी ‘टाइम केव्ह’ असंच नाव दिलं. त्याच लेखातला दुसरा नमुना ‘ब्रँच अँड बॉटलनेक’. यात वाटा फुटतात, पण ठरावीक मुक्कामांवर पुन्हा एकत्र येतात. मधल्या काळात तुम्ही काय केलंत, ते गोष्ट आकड्यांमध्ये लक्षात ठेवते. माणूस घडवायच्या गोष्टींना हा दुसरा नमुना सोयीचा पडतो, कारण वर्षं सगळ्यांची सारखीच सरतात, फक्त त्या वर्षांत साठलेलं वेगळं असतं.

हे समजायला धुळे जिल्ह्यातली फड पद्धत बघा. पांझरा नदीवर जुने बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाच्या चाऱ्या होतात, पाणी वेगवेगळ्या फडांत जातं आणि जास्तीचं पाणी सांडव्यातून परत नदीला मिळतं. फुटणं आणि पुन्हा मिळणं इथे आहेच, पण गोष्ट रचणाऱ्याने आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, या चारीत सोडलेलं पाणी त्याच वेळी त्या चारीत नसतं. निवडीला किंमत असते. दुसरी, एका फडात कोणतं पीक घ्यायचं हे एकटा शेतकरी ठरवत नाही, ते सगळ्यांचं मिळून ठरतं. आयडॉलच्या खेळांना पहिली गोष्ट चांगली कळली आहे. दुसरीकडे त्यांनी पाहिलेलंच नाही.

दोन मूळ खेळ: काय जमलं, काय निसटलं

या प्रकाराची पाळंमुळं जपानमध्ये आहेत. १९९१ मध्ये गायनॅक्स कंपनीचा ‘प्रिन्सेस मेकर’ आला. खेळणारा एका दहा वर्षांच्या मुलीचा पालक होतो आणि ती अठरा वर्षांची होईपर्यंत तिचं वेळापत्रक ठरवतो: या महिन्यात शिक्षण, पुढच्या महिन्यात काम, मग थोडी सुट्टी. आकडे वाढतात, घटतात आणि शेवटी ती कोण झाली ते कळतं. अनेक शेवट आहेत.

२००५ मध्ये नाम्को कंपनीने ‘दि आयडॉलमास्टर’ हा खेळ जपानच्या आर्केडमध्ये आणला. इथे खेळणारा निर्माता आहे. तो मुली निवडतो, त्यांना गाणं, नाच आणि दिसणं अशा तीन अंगांनी तयार करतो, ऑडिशनला नेतो. मुदत संपली की निरोपाचा कार्यक्रम करायचा.

समीक्षा म्हणजे दोष काढणं नव्हे, म्हणून जे जमलंय ते आधी. या खेळांना वेळ कळतो. आठवडे मोजके असतात आणि ते संपतात. लोकप्रियता कायमची नाही, हे खेळ शब्दांत न सांगता नियमातूनच सांगतो. निरोपाचा कार्यक्रम खेळणाऱ्यांना चटका लावून जातो, कारण मधले सगळे दिवस त्यांनी स्वतः खर्च केलेले असतात. कादंबरीत लेखक दिवस खर्च करतो आणि आपण बघतो. इथे खर्च आपल्या हाताने होतो. हे या माध्यमाचं खास बळ आहे आणि प्रबंधात ते मान्य करायलाच हवं.

आता जे निसटलंय ते. ‘आयडॉलमास्टर’मध्ये निर्माता आणि मुलगी यांच्यात संवादाचे प्रसंग येतात. ती काही सांगते, तुम्हाला उत्तरांचे पर्याय मिळतात आणि उत्तरानुसार शेरा मिळतो: वाईट, साधारण, चांगला, परिपूर्ण. चांगल्या संवादातून ‘आठवणी’ जमा होतात. या आठवणींचं पुढे काय होतं? त्या ऑडिशनमध्ये परीक्षकांवर छाप पाडायला खर्च करता येतात.

जरा थांबून हा नियम पुन्हा वाचा. मुलगी तिच्या मनातलं सांगते. तुम्ही ऐकून घेता. त्या ऐकण्याची एक शिल्लक तयार होते आणि ती शिल्लक तिलाच परीक्षकांसमोर उभी करताना वापरली जाते. मुलगी काय म्हणाली याला महत्त्व उरत नाही. बरोबर उत्तर कोणतं याला येतं. तिचं बोलणं कुलूप होतं आणि तुमचं उत्तर किल्ली.

तुम्ही म्हणाल, मुलगी नाराज होते, थकते, चुकते, एवढं तरी खेळ दाखवतोच ना? दाखवतो. पण थकवा हा तिचा आकडा आहे, तिचा निर्णय नाही. आकडा वाढला की तुम्ही तिला सुट्टी देता. ती सुट्टी घेत नाही. मराठीत ‘देणं’ आणि ‘घेणं’ या दोन क्रियापदांत जो फरक आहे, तो या खेळांच्या रचनेत सापडत नाही. शाखांची गोष्ट तपासताना क्रियापदांचे कर्ते मोजायला सुरुवात करा. निम्मं काम तिथेच होतं.

जळगावात शिकलेला नारायण

आता घरी येऊ. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांचा जन्म १८८८ चा. लहानपणी त्यांनी जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे पहिले धडे घेतले. जळगावात त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे, त्यामुळे नाव सगळ्यांना माहीत असतं. त्यांचं चरित्र मात्र आपण ‘आयडॉल कसा घडतो’ या प्रश्नासाठी सहसा वाचत नाही. वाचायला हवं, कारण संगीत नाटक मंडळी ही आयडॉल घडवणारी पक्की व्यवस्था होती. कोवळ्या वयाची मुलं मंडळीत यायची, तिथेच राहायची, तालीम मास्तर आणि गवई त्यांना तयार करायचे, मग रंगभूमीवर पहिला प्रवेश, मग नाव. नारायणाला लोकमान्य टिळकांनी ‘बालगंधर्व’ म्हटलं असं सांगतात. पुढे शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले. गोविंद बल्लाळ देवलांनी अभिनय बसवला, भास्करबुवा बखल्यांनी गाणं दिलं. पुढे त्यांच्या स्त्रीभूमिकांतल्या साड्या, दागिने, केशरचना यांची नक्कल घरोघरच्या बायका करू लागल्या. ‘आयडॉल’ हा शब्द नव्हता एवढंच.

समजा या चरित्राची शाखांची गोष्ट करायची आहे. बहुतेक जण एका तारखेपाशी धावतील: १२ मार्च १९११, मुंबई, खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या तान्ह्या मुलीचा मृत्यू झाला आणि त्याच दिवशी ते भामिनी म्हणून उभे राहिले. आजवर हा प्रसंग कलानिष्ठेची कमाल म्हणून सांगितला गेला आहे. गेम करणारा इथे दोन बटणं ठेवेल: ‘प्रयोग करा’ आणि ‘घरी थांबा’. पहिल्याला कीर्ती, दुसऱ्याला माणुसकी. खेळणारा भारावून जाईल.

पण दोन बटणं हे या प्रसंगाचं खरं चित्र आहे का? नवं नाटक, पहिला प्रयोग, जमलेले प्रेक्षक, मंडळीवर पोट असणारी माणसं. पडदा उघडायचा की नाही हा प्रश्न एका माणसाच्या मनात सुटणारा नव्हता. फडातल्या पिकासारखा तो सगळ्यांचा होता. शिवाय त्या घरात आणखी एक माणूस होतं, मुलीची आई. तिच्यासाठी या गोष्टीत बटण कुठे आहे? दोन बटणांची रचना प्रसंगाला नाट्य देते आणि त्याच वेळी बाकी सगळ्यांना गोष्टीबाहेर ढकलते. दंतकथासुद्धा हेच करते. फरक इतकाच की दंतकथेला वाट एक असते, गेमला दोन.

पुढचं वळण १९१३ चं. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. म्हणजे जो घडवला गेला तो स्वतः मालक झाला. आयडॉलच्या खेळाला इथे ‘सुखान्त’ अशी पाटी लावून मोकळं होता येईल. पण खरी गोष्ट तिथे थांबत नाही. भागीदार पुढे बाजूला झाले आणि कर्जाचा डोंगर बालगंधर्वांच्या डोक्यावर राहिला. नाटकाच्या थाटमाटावर हात आखडायचा नाही हा त्यांचा बाणा, आणि फेडायचं त्यांनाच. १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते एकनाथांच्या भूमिकेत दिसले, तोवर बोलपटांनी नाटक मंडळ्यांचे दिवस फिरवले होते. निवड हातात आली तेव्हा तिच्याबरोबर हिशेबाची वहीसुद्धा हातात आली. आयडॉलच्या खेळांत ही वही कधी उघडत नाही.

दुसरं उदाहरण धुळे जिल्ह्याशी जोडलेलं. शिरपूर तालुक्यातलं थाळनेर हे लता मंगेशकरांचं आजोळ. वडील मास्टर दीनानाथ यांची बलवंत संगीत मंडळी १९१८ ची. १९४२ च्या एप्रिलमध्ये ते गेले तेव्हा थोरली लता तेरा वर्षांचीही पूर्ण नव्हती आणि मागे चार भावंडं होती. ती सिनेमात काम करू लागली. हा प्रसंग ‘काम करायचं की शिकायचं?’ अशा दोन पर्यायांत बसवून बघा. दुसरं बटण दाबता येतं, पण त्यामागे काहीच नाही. परिस्थितीने आधीच घेतलेल्या निर्णयाला निवड म्हणणं ही फसवी रचना आहे. प्रामाणिक गेम इथे एकच बटण ठेवील आणि ते एकच का आहे हे खेळणाऱ्याला जाणवू देईल.

बटण असतं, वायर नसते

खोट्या निवडीचं अगदी अलीकडचं उदाहरण कोरियातलं आहे. २०१६ मध्ये ‘प्रोड्यूस १०१’ हा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला. प्रशिक्षण घेणाऱ्या १०१ मुली, आणि त्यांतून गट निवडायचा प्रेक्षकांनी. प्रेक्षकांना ‘राष्ट्रीय निर्माते’ म्हटलं जायचं. या मालिकेतल्या मतांमध्ये फेरफार झाल्याचं पुढे उघड झालं आणि २०२० मध्ये निर्मात्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. लाखो लोक बटण दाबत होते, पण बटणाची वायर निकालापर्यंत पोचत नव्हती.

आपल्याकडेही मतांचे कार्यक्रम नवे नाहीत. २००४-०५ च्या पहिल्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये अभिजीत सावंत जिंकला; २००८-०९ च्या मराठी ‘लिटिल चॅम्प्स’ने अळंदी, अलिबाग, रत्नागिरी, लातूरची मुलं घराघरांत नेली. गावोगाव एसएमएसची मोहीम कशी चालायची ते तुमच्या घरच्यांना विचारा. त्या मोहिमेत सगळं गाव निर्माता असायचं. गावाने ठरवलेलं त्या मुलाला हवं होतं का, हे विचारायला मात्र फलक लागत नसत.

आखाजी ते कानबाई: एक आराखडा

नुसती टीका पुरेशी नाही. पर्याय करून दाखवला की टीकेची परीक्षा होते. म्हणून एक काल्पनिक आराखडा.

साक्री तालुक्यातली सोळा वर्षांची मुलगी. दहावीची परीक्षा नुकतीच झाली आहे. आखाजीला झोक्यावर म्हटलेलं तिचं अहिराणी गाणं कुणीतरी मोबाइलवर टिपलं आणि ते पसरलं. एक चुलतभाऊ चॅनेल काढतो. लग्नसराई आहे, हळदीच्या कार्यक्रमांची बोलावणी येतात. गोष्ट आखाजीला सुरू होते आणि श्रावणात कानबाईला संपते. साधारण तीन-चार महिने, सहा मुक्काम. वाटा फुटतील, पण प्रत्येक मुक्कामाला परत मिळतील.

पहिला मुक्काम: चॅनेल कोणाच्या नावावर? यूट्यूबवर कमाई सुरू व्हायला साधारणपणे १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास पाहिलं जाणं लागतं, आणि जाहिरातीचे पैसे घेणारं खातं अठरा वर्षांवरच्या व्यक्तीचं लागतं. म्हणजे आपल्या नायिकेची कमाई नियमानेच दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात जाणार. आईच्या की चुलतभावाच्या? आणि पासवर्ड कोणाकडे? ‘मेहनत’, ‘सूर’, ‘लोकप्रियता’ असे आकडे सगळेच गेम ठेवतात. ‘पासवर्ड कोणाकडे’ हा आकडा ठेवून बघा, गोष्टीचा सूरच बदलतो.

दुसरा मुक्काम: संगीत करणारा म्हणतो, अहिराणी शब्द थोडे कमी कर, हिंदी घाल, मग गाणं लांब जाईल. तिसरा: सलग तीन हळदी आणि घसा बसलेला. इथे नेहमीचा गेम खेळणाऱ्याला विचारेल, ‘विश्रांती देता का?’ माझ्या आराखड्यात हा प्रश्न खेळणाऱ्याला विचारलाच जात नाही. मुलगीच म्हणते, ‘माले नई जानं.’ मला नाही जायचं. खेळणाऱ्यापुढे आता पर्याय उरतात ते तिच्या नकाराचं काय करायचं याचे: ज्यांनी बोलावलं त्यांना फोन कोण करणार, घेतलेली आगाऊ रक्कम कशी परत करायची, चुलतभावाशी कोण बोलणार.

इथे आपल्या भागातल्या जाणकाराला तमाशाच्या फडातली उचल आठवेल. हंगामाआधी कलावंताला मालकाकडून उचल मिळते आणि मग हंगामभर ती फेडत राहायची. उचल घेतली की ‘नाही’ म्हणणं महाग होतं. कोरियातल्या कंपन्यांबाबतही वाद याच जागी झाला. दीर्घ करारांवरून कलाकार न्यायालयात गेले आणि २००९ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने नमुना करार आणला, त्यात सात वर्षांची मर्यादा घातली. भाषा वेगळी, वाद्यं वेगळी, पण गाठ तीच: शिकवण्याचा खर्च कुणी केला, तो किती आणि तो फिटला असं कोण ठरवणार?

चौथा मुक्काम दहावीचा निकाल, पाचवा मोठ्या यात्रेतला कार्यक्रम, सहावा कानबाई. कानबाईची गाणी बायका जमून म्हणतात. तिथे मंच नसतो आणि मोजणीही नसते. ती तिथे बायकांत बसून गाते, की चॅनेलसाठी त्याचं चित्रीकरण होतं, की ती गातच नाही, हे मागच्या पाच मुक्कामांत तिचे नकार किती ऐकले गेले यावर ठरावं. शेवट तीनच, पण तिन्ही तिच्या बोलण्याने ठरलेले.

एक आक्षेप

खेळणाऱ्या लोकांकडून आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. मुलगीच सगळं ठरवणार असेल तर खेळणाऱ्याने करायचं काय? गेममध्ये हात बांधले तर तो गेम कसला?

याचं उत्तर एका चांगल्या खेळाने आधीच दिलं आहे. इंकल कंपनीचा ‘८० डेज’ (२०१४) हा ज्यूल व्हर्नच्या जगप्रवासाच्या कादंबरीवरचा शाखांचा खेळ. बरंच लेखन मेग जयंत यांचं. त्यात तुम्ही धनी फॉग नसता, त्याचा नोकर पासपार्तू असता. सामान तुम्ही बांधता, वाट तुम्ही शोधता, धन्याची तब्येत तुम्ही सांभाळता. पैज त्याची, पायपीट तुमची. तरी हात बांधल्यासारखं वाटत नाही, कारण नोकराच्या जागेवरून जगातलं जे दिसतं ते धन्याच्या जागेवरून दिसत नाही. आपल्या गोष्टीत खेळणारा निर्माता न होता पेटीवाला झाला तर? किंवा मुलीची आई, जिच्या खात्यात पैसे येतात आणि जिला पासवर्ड माहीत नाही? खेळायला भरपूर उरतं. सुटते ती फक्त मालकी.

आणखी एक शंका. मुलीचं ‘नाही’ही शेवटी लेखकानेच लिहिलेलं असतं, मग ते तिचं कसं? खरं आहे, पात्राला स्वतःचं मन नसतं. पण प्रश्न पात्राच्या स्वातंत्र्याचा नाहीच. गेम खेळणाऱ्याला कसली सवय लावतो, हा आहे. समोरच्याचा थकवा आकडा म्हणून वाचायची सवय, की त्याचा शब्द शब्द म्हणून ऐकायची सवय? गावात एखादी मुलगी गाऊ लागली की तिच्याभोवती निर्माते जमायला वेळ लागत नाही. त्यांच्यातले काही जण असेच खेळ खेळून मोठे झालेले असतील.

आता तुमचं काम

यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा, ते थोडक्यात.

पहिलं, ‘पाठ्य’ म्हणजे काय ते ठरवा. एका खेळीवर लिहिलेला प्रबंध म्हणजे हजार पानांच्या पुस्तकातली अकरा पानं वाचून लिहिलेलं परीक्षण. कोणती आवृत्ती, कोणतं वर्ष, कोणती भाषा आणि किती वाटा चाललात, हे पहिल्या प्रकरणातच नोंदवा. सगळ्या वाटा चालणं शक्य नसेल तर कोणत्या नियमाने निवडल्या ते सांगा.

दुसरं, एक तक्ता करा. प्रत्येक निवडीसमोर चार रकाने: निवडतं कोण, परिणाम भोगतं कोण, नकाराचा पर्याय आहे का, आणि नकार दिला तर गोष्ट पुढे जाते की संपते. शेवटचा रकाना विसरू नका. पुष्कळ खेळांत नकार असतो, पण तो निवडला की ‘तुम्ही हरलात’ अशी पाटी येते. तो नकार नव्हे, शिक्षा झाली.

तिसरं, खऱ्या कलावंतांशी तुलना करायची असेल तर मुलाखती लागतील. अठरा वर्षांखालच्या गायक मुलांशी बोलताना पालकांची लेखी संमती घ्याच, पण मुलाला वेगळं विचारा, आणि मधेच थांबायची मोकळीक आहे हे त्याला समजेल अशा भाषेत, शक्यतो अहिराणीतच, सांगा. खेळात नकाराची जागा शोधणाऱ्या संशोधकाने आपल्या मुलाखतीत ती ठेवली नाही तर मौखिकीला पहिला प्रश्न तोच येईल, आणि यावाच.

चौथं, शीर्षक. ‘आयडॉल गेम्स: एक चिकित्सक अभ्यास’ असलं काही लिहू नका, त्यात प्रश्नच नाही. ‘घडवणुकीच्या शाखाकथांत नकाराचं स्थान: निवडक जपानी खेळ आणि खान्देशातील गायक यांच्या संदर्भात’ हे लांब आहे, पण काय शोधणार आहात ते समितीला कळतं. कमी करायला गाईड आहेतच.

आणि शेवटचं: स्वतः एक छोटी शाखाकथा लिहून बघा. ट्वाइन हे साधन २००९ पासून आहे, फुकट आहे आणि त्यात देवनागरी चालते. सहा मुक्काम, प्रत्येकी दोन वाटा, पुन्हा मिळणाऱ्या. आठवडाभरात होईल. लिहिताना ज्या मुक्कामाला मुलीने ‘नाही’ म्हटल्यावर पुढे काय लिहावं ते सुचणार नाही, तिथे खूण करून ठेवा. तुमच्या आराखड्याचं दुसरं प्रकरण तिथून सुरू करा.